टीशार्क, एनमॅप, नेटस्टॅट: जुन्या कागदांतले कोणते ऑप्शन बदलले?

पाकीटगाळणी: टीशार्कच्या (नेटवर्कवरची पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडून दाखवणाऱ्या वायरशार्कची कमांड-लाइन आवृत्ती) एका जुन्या नोंदीत आज पाकिटं गाळायचा ऑप्शन ‘कॅपिटल आर’ दिसला आणि 2013 चं वायरशार्क 1.10 आठवलं. तेव्हापासून गाळायचं काम ‘कॅपिटल वाय’कडे आहे. नुसता आर दिला की एरर येते, ‘सोबत आकडा 2 नाही’ म्हणून. मग बरेच जण 2 जोडून मोकळे होतात. तसं करू नका. 2 म्हणजे दोन फेऱ्या: पहिली संपेपर्यंत आउटपुट येत नाही आणि लाइव्ह कॅप्चरवर चालतच नाही. एरर पूर्ण वाचली तर तिच्यातच वाय सुचवलेला असतो. तुमच्याकडचे बदल लिहा, काय बिघडतं त्यासकट.

रात्रपाळी: एनमॅप, म्हणजे नेटवर्कवरची मशीनं आणि पोर्ट शोधणारं टूल. फक्त पिंग करणाऱ्या ‘एसपी’चं ‘एसएन’ झालं, पिंग वगळणाऱ्या ‘पी-शून्य’चं ‘पीएन’. शून्य आणि ओ सारखे दिसतात, आणि ‘पी-ओ’ हा वेगळाच प्रोटोकॉल पिंग आहे!

निळी_केबल: कुकर लावलाय, पटकन लिहिते. ऑप्शन बदलला तर निदान एरर येते. फिल्टरचा अर्थ बदलला तर काहीच कळत नाही. ‘आयपी.अ‍ॅडर != अमुक’ हे (आयपी पत्ता ‘अमुक’ नसलेली पाकिटं दाखव) पूर्वी जवळपास सगळी पाकिटं दाखवायचं, कारण सोर्स किंवा डेस्टिनेशन यांतलं एकही वेगळं असलं तरी पुरे. वायरशार्क 3.6 पासून दोन्ही वेगळे हवेत. जुन्या स्क्रिप्टमधले आकडे परत तपासाच.

पाकीटगाळणी: @निळी_केबल, हे फार महत्त्वाचं. वायरशार्क 3.0 मध्ये फिल्टरमधली प्रोटोकॉलची नावंही बदलली: बूटपीचं डीएचसीपी, एसएसएलचं टीएलएस. नाव सापडत नसेल तर टीशार्कला ‘कॅपिटल जी फील्ड्स’ देऊन येणाऱ्या यादीत ग्रेप करा (म्हणजे शब्द शोधा).

सोलापुरी_राउटर: टीसीपीडंपला (पाकिटं पकडणारं दुसरं टूल) पूर्ण पाकीट पकडायला ‘एस 0’ अजून द्यावं लागतं का?

रात्रपाळी: नाही. पूर्वी पाकिटाचे पहिले 68 बाइटच पकडले जायचे म्हणून लागायचं. आता डिफॉल्ट 262144 बाइट आहे. दिलंत तरी बिघडत नाही.

निळी_केबल: नेटस्टॅटच्या (नेटवर्क कनेक्शन दाखवणारी जुनी कमांड) मॅनपेजवरच, म्हणजे मदतपानावर, पर्यायी कमांड दिल्यात: एसएस, ‘आर’साठी आयपी राउट, ‘आय’साठी आयपी एस लिंक. शिट्टी झाली, येते.

सोलापुरी_राउटर: एसएसला नेटस्टॅटचं ‘टीयूएलपीएन’ (ऐकणारे पोर्ट आणि त्यांच्या प्रोसेस दाखवणारे ऑप्शन) जसंच्या तसं चालतं ना?

रात्रपाळी: चालतं. मात्र सगळ्या प्रोसेसची नावं हवी असतील तर सुडो लावा, म्हणजे अॅडमिनच्या हक्काने चालवा.