गस्त पोरांनीच घालायची तर पोलीस स्टेशन कशाला?

गल्लीकर
तालुक्याचं गाव आहे आमचं. दिवाळीपासून चोऱ्या वाढल्यात, बंद घरं फुटली, दारातल्या मोटारसायकली गेल्या आणि मळ्यात तर विहिरीवरच्या केबली जाणं नेहमीचंच झालंय. केबल कापतात, बांधाच्या आडोशाला नेऊन जाळतात, तांबं घेऊन पसार. सकाळी शेतकऱ्याला सापडतो तो नुसता काळा चिकट प्लास्टिकचा लगदा. तर यावर बैठक बसली आणि ठरलं काय, वॉर्डावॉर्डात तरुण मंडळाच्या पोरांनी रात्रभर गस्त घालायची. काठ्या, बॅटऱ्या, शिट्ट्या, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं रीतसर. पोलीस स्टेशनचे साहेब आले, नागरिकांच्या सहकार्यावर बोलले, टाळ्या घेऊन गेले.
मला एकच विचारायचं होतं, यातल्या किती चोऱ्यांचा गुन्हा दाखल झाला? केबलवाल्यांचा तर जवळपास कुणाचाच नाही. मोबाईल खिशातून मारला तरी "गहाळ" म्हणून लिहून घेतात आणि दाखला हातात देतात. म्हणजे कागदावर आमचं गाव एकदम शांत! आणि कागदावर शांत असलेल्या गावाला जादा माणसं, जादा गाडी देणार कोण? गस्त चांगली की वाईट हा नंतरचा विषय, आधी तक्रारी लिहून घ्यायला लावा. आपण रात्री जागायचं आणि त्यांचा आकडा स्वच्छ राहायचा, हा कुठला न्याय?

नाईट_ड्युटी
भाऊ तुझं सगळं कागदावर चाललंय. मी त्याच गस्तीत असतो. आमच्या भागात गस्त सुरू झाल्यापासून एक घर फुटलेलं नाही, हे खरं की नाही सांग. चोर काय तुझी एफआयआर वाचून घाबरणार आहे का? त्याला बॅटरीचा उजेड दिसला की तो पुढच्या गावाला जातो, बस. ११२ ला फोन केला तर गाडी येते, नाही असं नाही, पण ती गाडी त्यावेळी कुठल्या तरी वाडीवर नवरा-बायकोचं भांडण सोडवत असते. तोपर्यंत आम्हीच असतो ना तिथं. घरात बसून टाइप करायला काय जातंय.

गल्लीकर
पुढच्या गावाला जातो, हे तूच लिहिलंस. म्हणजे चोर पकडला नाही, नुसता हाकलला. पुढच्या गावानं पण गस्त घातली की तो परत इकडं.

खाकीतून_निवृत्त
दोघांचंही वाचलं. नोकरी याच खात्यात गेली म्हणून लिहितो. लोकांना वाटतं स्टेशनला पन्नास माणसं मंजूर म्हणजे पन्नास गस्तीला. त्यातली काही पदं रिकामी, काही जिल्ह्याला ॲटॅच, काही रजेवर. उरलेल्यांत कुणी कोर्टात, कुणी समन्स-वॉरंट घेऊन फिरतोय, कुणी आरोपीला मेडिकलला घेऊन गेलाय, आणि त्यात जत्रा किंवा मंत्र्याचा दौरा लागला की सगळेच बंदोबस्ताला. रात्रीला एक ठाणे अंमलदार, एक लॉकअप गार्ड, एक ड्रायव्हर आणि गाडीत बसायला एक-दोन जण. गस्तीच्या पॉइंटवर क्यूआर कोड लावलेत, तो स्कॅन केला की वरच्यांना कळतं माणूस तिथं गेला होता. पण कोड बाजारपेठेत आणि केबल मळ्यात, त्याला तो बिचारा काय करणार.
गुन्हा नोंदवत नाहीत हे मात्र खरं आहे आणि त्याचं कारण आळस नव्हे. महिन्याच्या क्राइम मीटिंगला आकडा वाढलेला दिसला की प्रभारीला, म्हणजे स्टेशनच्या मुख्य अधिकाऱ्याला, उभं करतात, उघड किती केले विचारतात. केबलचोरी उघड होणं अवघड. मग नोंदवून स्वतःच्याच गळ्यात कोण बांधून घेईल? त्यामुळे गल्लीकर, तुझा मुद्दा बरोबर, पण ठाणे अंमलदाराशी भांडून काही होणार नाही, तो वरून आलेलंच खाली ढकलतोय.

काळा_कोट_बाई
निवृत्त साहेब, कारण समजलं, पण कायदा त्या कारणाला विचारत नाही. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात त्याची, माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक, हे ललिता कुमारी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०१३ मध्येच सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झाले, त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ बघा. ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेचे गुन्हे असतील तर डीवायएसपीच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते, पण त्यासाठीही आधी तक्रार आत घ्यायला लागते. नाहीच घेतली तर एसपींना लेखी पाठवा, तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची, हे लोक विसरतात.
आता केबलवाल्यांसाठी वाईट बातमी. नवीन कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र केली आहे. म्हणजे एनसी, आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास नाही. केबलचे दोन तुकडे गेले आणि किंमत चार हजार सांगितली की विषय संपला. म्हणून बिल जपून ठेवा, किंमत खरी आणि पूर्ण सांगा. घरात शिरून केलेली चोरी वेगळ्या कलमात येते, तिथं ही पाच हजाराची भानगड नाही.

नाईट_ड्युटी
म्हणजे कायद्यानंच शेतकऱ्याच्या केबलीला किंमत नाही असं सांगितलं. आणि तुम्ही म्हणताय एफआयआर करा. धन्य आहे!

पालावरचा
गस्तीबद्दल बोलताय तर दुसरी बाजू पण ऐका. मी भटक्या समाजातला, नातेवाईक अजून गावोगाव फिरून पोट भरतात. तुमच्या गस्तीला रात्री दहानंतर अनोळखी दिसला की तो चोरच. आधार दाखव, कुठून आला, पिशवीत काय, फोटो काढून ग्रुपवर. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ ला तो कायदा गेला पण लोकांच्या डोळ्यातून गेला नाही. १ जुलै २०१८, राईनपाडा, साक्री तालुका, धुळे जिल्हा. पोरं पळवणारी टोळी आली अशा अफवेवर पाच माणसं ठेचून मारली, भिक्षा मागणारी माणसं होती ती. मारणाऱ्यांनाही वाटत होतं आपण गाव वाचवतोय.

नाईट_ड्युटी
दादा, राईनपाड्याची आणि आमची तुलना नको. आमच्याकडं यादी आहे, कोण कुठल्या दिवशी, नावं स्टेशनला दिलीत. आम्ही कुणाला हात लावत नाही.

पालावरचा
यादी गस्त घालणाऱ्यांची आहे. ज्याला अडवलं त्याची नोंद कुठं आहे?

काळा_कोट_बाई
हा प्रश्न बरोबर आहे. सामान्य माणसाला कुणाला धरायचा अधिकार फार मर्यादित आहे. तुमच्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला पाहिजे, किंवा तो कोर्टानं फरार घोषित केलेला पाहिजे. धरला तरी विनाकारण वेळ न घालवता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात. "संशयित वाटला" याला आधार नाही. पिशवी तपासणं, मोबाईल उघडायला लावणं, मंदिरासमोर बसवून ठेवणं, यातलं काहीही केलं तर गुन्हा तुमच्यावर. आणि जमावानं माणूस मारला तर नवीन कायद्यात पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान अशा कारणावरून केलेल्या खुनाला वेगळं पोटकलम आहे, त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप.

सिस्टरताई
मी नाईट करून येते, कधी सेकंड शिफ्ट संपून रात्री घरी. गस्तीची पोरं स्टँडच्या कोपऱ्यावर गाड्या लावून बसलेली असतात. एवढ्या उशिरा कुठून, सोबत कोण होतं, घरी माहिती आहे का. चोरांची भीती नव्हती तेवढी आता यांच्या प्रश्नांची वाटते. स्टँडवरचा लाईट कितीतरी दिवस बंद आहे, तो लावायला कुणी बैठक घेतली नाही. उजेड झाला तर निम्मी गस्त लागणारच नाही.

नाईट_ड्युटी
ताई, तसं कुणी विचारलं असेल तर नाव सांगा, उद्याच्या उद्या त्याला काढतो. लाईटचं मात्र नगरपंचायतीला विचारा, ते आमच्यावर नको.

दुकान_उघडं_आहे
कॅमेऱ्याचं कुणीच बोललं नाही. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून चौकात लावले. चोरी झाल्यावर फुटेज बघायला गेलो तर हार्डडिस्क भरून जुनं पुसलं गेलेलं, आणि जे होतं त्यात गाडीच्या हेडलाईटचा पांढरा गोळा, नंबर दिसतच नाही. कॅमेरा लावायचा उत्साह असतो, पासवर्ड कुणाकडं हे कुणालाच माहीत नाही.

खाकीतून_निवृत्त
मोबाईल गेलेल्यांनी गहाळच्या दाखल्यावर थांबू नका, त्याच कागदावर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या सीईआयआर सेवेवर फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख नंबर, ब्लॉक करता येतो. चोरानं दुसरं सिम घातलं की फोनचा माग लागतो आणि असे बरेच फोन परत मिळतात. बाकी गस्तीबद्दल माझं मत, बंद करू नका, पण काठ्या घरी ठेवा. शिट्टी आणि फोन पुरे. आणि बीट अंमलदाराला, म्हणजे आपल्या भागाच्या पोलिसाला, ग्रुपमध्ये घ्या, म्हणजे ग्रुपवर काय फोटो पडतात ते त्यालाही दिसेल.

गल्लीकर
ठीक, काठीशिवायची गस्त मान्य. पण माझा मुद्दा तिथंच आहे. ज्यांच्या केबली गेल्या त्यांनी सगळ्यांनी एकाच दिवशी बिलं घेऊन स्टेशनला जायचं, लेखी तक्रार द्यायची, पोच घ्यायची. नाही घेतली तर एसपींना पोस्टानं. पंधरा-वीस अर्ज एकदम गेले तर क्राइम मीटिंगमध्ये कुणाला तरी उत्तर द्यावंच लागेल.

नाईट_ड्युटी
येतील असं वाटतं तुला? तपास सुरू झाला की पहिला प्रश्न, तांबं विकलं कुणाला. जळलेलं तांबं गावात कोण घेतं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तो गणपतीला सगळ्यात मोठी पावती फाडतो, अर्ध्या मंडळाच्या टी-शर्टवर त्याचं नाव आहे.

काळा_कोट_बाई
चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७.

गल्लीकर
मग गस्त त्याच्या गोडाऊनसमोर लावा की रात्री. चोर कुठूनही आला तरी शेवटी जाणार तिथंच.

नाईट_ड्युटी
तू लाव. माझं घर त्याच्या भिंतीला भिंत लागून आहे.