मदत हवी आहे : ब्रुकलिनची पुनर्बांधणी, कॅप सांभाळू की रोस्टरच्या जागा?

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र एनबीएचे (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) खरे नियम लावून एक काल्पनिक लीग खेळतो. माझ्याकडे ब्रुकलिन नेट्स आलेत, जून 2025 च्या ड्राफ्टनंतर (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) होते त्या स्थितीत. संघ मनापासून आवडतो, त्यामुळे नुसतं हरून पुढच्या ड्राफ्टची वाट बघत बसायचं नाहीये. तीन-चार वर्षांत उभा राहील असा बांधायचाय.

2025-26 ची कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, 15.46 कोटी डॉलर, आणि त्या उन्हाळ्यात खऱ्या अर्थाने मोठी मोकळी कॅप एकट्या ब्रुकलिनकडे. पण पहिल्या फेरीत पाच जण घेतलेत: द्योमिन, ट्राओरे, पॉवेल, साराफ, वुल्फ. एका संघाने एकाच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत पाच खेळाडू निवडणं याआधी कधी झालं नव्हतं. पैशाच्या दृष्टीने ही मुलं स्वस्त, पण त्यांचे करार सुरुवातीची दोन वर्षं पक्के. म्हणजे रोस्टरच्या (संघातल्या खेळाडूंच्या यादीच्या) पंधरापैकी पाच जागा अडकल्या. कॅप आहे, खुर्च्या नाहीत, असं झालंय.

मला अडतंय ते इथे. करार संपलेल्या आमच्या कॅम थॉमसची क्वालिफाइंग ऑफर (त्याच्यावरचे हक्क राखायला द्यायचा एका वर्षाचा प्रस्ताव) जेमतेम 60 लाख डॉलरची, पण त्याचा कॅप होल्ड (नवा करार होईपर्यंत त्याच्या नावे कॅपवर धरलेली रक्कम) 1.21 कोटींच्या आसपास. त्याचे हक्क सोडून तेवढी कॅप मोकळी करू का? आणि आमच्या कॅम जॉन्सनच्या बदल्यात कोणी दोन-तीन खेळाडू अधिक एक पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) देत असेल, तर घ्यावं का? शिवाय मोसमाआधी किती खर्च करावाच लागतो, हेही कोणी नीट सांगाल का?

प्रतिसाद :

जॉन्सनचं आधी. एकाच्या बदल्यात तिघे अजिबात घेऊ नका. उन्हाळ्यात 21 जण चालतात, पण मोसम सुरू होताना 15 आणि तीन टू-वे (मुख्य आणि दुय्यम लीग दोन्हीकडे खेळणारे), बस. जास्तीच्याला वेव्ह केलं, म्हणजे संघातून काढलं, तरी त्याचा पक्का पगार कॅपवर राहतोच. नेट्सनी स्वतः काय केलं बघा: जॉन्सन डेन्व्हरला दिला, मायकेल पोर्टर ज्युनियरचा बराच मोठा करार अंगावर घेतला आणि वर 2032 चं विनाअट पहिल्या फेरीचं पिक मिळवलं. एक गेला, एक आला. मोकळी कॅप वापरली, जागा एकही खर्च झाली नाही. टेरन्स मानला घेऊन अटलांटाचं 22वं पिक आलं, तोही मोकळ्या कॅपवर पिक मिळवण्याचाच मार्ग.

आता किमान खर्चाचं. फ्लोअर, म्हणजे पगारावरच्या खर्चाची खालची मर्यादा, कॅपच्या 90 टक्के, म्हणजे सुमारे 13.92 कोटी. मोसमाच्या पहिल्या दिवशी त्याखाली असलात तर लक्झरी टॅक्सच्या (फार जास्त पगार देणाऱ्या संघांकडून घेतलेल्या कराच्या) वाटपातला वाटा हातचा जातो. उलट बाजूने, उन्हाळ्यात बारापेक्षा कमी खेळाडू असले तर प्रत्येक रिकाम्या जागेमागे रूकीच्या (नवख्या खेळाडूच्या) किमान पगाराएवढी रक्कम कॅपवर चढते. त्यामुळे रोस्टर रिकामं करून हवी तेवढी कॅप मिळते, हे खरं नाही.

थॉमसचे हक्क एवढ्यात सोडू नका. आधी बाकीची कॅप ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) वापरा, त्याचा करार शेवटी. बर्ड हक्कांमुळे (स्वतःच्याच खेळाडूला पुन्हा करारबद्ध करण्याची सवलत) कॅप ओलांडूनही तो करता येतो. मात्र त्याने क्वालिफाइंग ऑफरच स्वीकारली, तर होल्ड उतरून 60 लाखांवर येतो, पण त्या मोसमात त्याच्या संमतीशिवाय त्याला ट्रेड करता येत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पूर्ण मोकळा. तुमच्या लीगमध्ये आणखी कोणाकडे मोठी मोकळी कॅप आहे का, ते आधी तपासा. नसेल तर त्याला ऑफर शीट (दुसऱ्या संघाचा करार-प्रस्ताव) देणारं कोणी नाही, आणि घाई तुम्हाला नाही.