मत नेमकं कोणाचं?
'पैसे माझे, शेअर माझे, मग कंपनीच्या भागधारकांच्या नोंदवहीत नाव दुसऱ्याचं कसं, आणि कंपनीच्या ठरावांवर मत कोणाचं?' हा प्रश्न रास्त आहे. उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत बहुतेक शेअर नोंदवहीत 'सीड अँड कंपनी' या एकाच नावावर असतात (ही डिपॉझिटरीची, म्हणजे सगळ्यांचे शेअर सांभाळणाऱ्या मध्यवर्ती संस्थेची, नावापुरती मालक). तुम्ही ब्रोकरला सूचना द्यायची, मत तो नोंदवणार. सूचना दिलीच नाही, तर ऑडिटरच्या नेमणुकीसारख्या नेहमीच्या ठरावावर तो स्वतःच्या मर्जीने मत देऊ शकतो (संचालकांच्या निवडणुकीत नाही, नशीब!). भारतात १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याच्या कलम १० ने हा घोळच ठेवला नाही: नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी, पण मताचा हक्क लाभार्थी मालकाचा, म्हणजे तुमचा. आणि शेअर उसने दिले असतील, तर रेकॉर्ड डेटच्या (मत कोणाला, हे ज्या तारखेच्या नोंदीवरून ठरतं तिच्या) आधी परत मागवा. नाहीतर मतही त्यांच्याबरोबर गेलं.