कोंडा: काय काय चोळलंत आणि कशाने गेला?

दोन महिन्यांपासून इतका कोंडा झालाय की वाचायला मान खाली घातली तरी चष्म्याच्या काचेवर पडतो. औषधी शाम्पूने जातो, बंद केला की पंधरा दिवसांत परत हजर. घरगुती, नैसर्गिक काही कोणी केलंय का? फक्त स्वतः करून बघितलेलं लिहा प्लीज, व्हॉट्सॲपवर आलेलं नको. फसलेलं पण लिहा, मला तर तेच जास्त हवंय.

*

मग फसलेलंच सांगते. लिंबू. अर्धी फोड थेट टाळूवर घासली, खाजवून खाजवून आधीच ओरखडे पडलेले, अशी काही आग झाली की डोकं नळाखाली धरून बसले. वर तसंच उन्हात गेले. रस जिथे ओघळला होता तिथे कपाळावर काळपट डाग, जायला कित्येक महिने लागले. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की असं होऊ शकतं हे नंतर कळलं.

*

मला लहानपणापासून एकच ऐकवलं, डोकं कोरडं पडलंय, तेल लाव. मग काय, रात्रभर थापून झोपायचो आणि कोंडा वाढतच गेला. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी समजावलं की मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते, ती टाळूच्या तेलावर जगते आणि त्या तेलातून ओलेइक ॲसिड मोकळं करते, ते काहींच्या त्वचेला सोसत नाही म्हणून खाज सुटते आणि पापुद्रे निघतात. आणि मी लावत होतो ऑलिव्ह ऑइल, ज्यात बहुतांश ओलेइकच असतं! म्हणजे रोज रात्री बुरशीला ताट वाढत होतो. तेल बंद केलं, एक दिवसाआड डोकं धुवायला लागलो, महिन्याभरात निम्म्यावर आलं. पूर्ण गेलं नाही, खोटं कशाला बोलू.

*

वरच्या दादांचं पटलं पण तेलाला सरसकट शिव्या नकोत. माझा तो कोंडा नव्हताच मुळी, टाळू कोरडी होती. थंडीत कढत पाण्याने डोकं धुवायचे आणि बारीक सुकी भुकटी पडायची. कोंड्याचे पापुद्रे मोठे, जरा तेलकट, पिवळट असतात. पाणी कोमट केलं, धुण्याआधी अर्धा तास थोडं खोबरेल, बास.

*

टी ट्री ऑइल. पहिल्यांदा शहाणपणा करून बाटलीतलं तसंच लावलं, मानेपर्यंत पुरळ. नंतर 5 टक्के टी ट्री असलेला शाम्पू वापरला, त्याने खरंच फरक पडला. 2002 साली 126 जणांवर चार आठवडे याचीच चाचणी झाली होती, त्यात कोंडा 41 टक्के कमी झाला, साध्या शाम्पूवाल्यांचा 11 टक्के. म्हणजे जादू नाही, पण काहीतरी आहे.

*

मध! पाणी घालून थोडा पातळ करायचा, चोळायचा, तीन तास ठेवायचा, एक दिवसाआड. खाज आठवड्यात थांबली हे खरं, पण तीन तास मुंग्यांना घाबरत घरात फिरायचं म्हणजे... चार वेळा केलं आणि हात जोडले.

*

खायचा सोडा लावू नका. केस झाडूसारखे झाले, कोंडा आहे तिथेच.

*

माझी गोष्ट जरा वेगळी. वर्षभर दही, मेथी, कडुनिंबाचा पाला, आई जे सांगेल ते सगळं. खवले जाड, चंदेरी, केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आलेले, कानामागे पण. मग कोपरावर तसाच चट्टा उठला तेव्हा दाखवायला गेलो. सोरायसिस निघाला. दह्याची काही चूक नाही, आजारच दुसरा होता. असे खवले दिसत असतील तर वाटणघाटण करत बसू नका.

*

ताई, तुम्ही तो औषधी शाम्पू लावून लगेच धुता का? मी तेच करत होते. कीटोकोनाझोलचा (म्हणजे बुरशीवरच्या औषधाचा) असेल तर 3 ते 5 मिनिटं टाळूवर राहू द्यायचा असतो, केसांवर नाही, टाळूवर. आणि बरं वाटलं तरी एकदम थांबवायचा नाही, आठवड्यातून एकदा चालू ठेवते मी.

*

अय्या, मी तर फेस आला की लगेच धुऊन टाकते. उद्या घड्याळ लावून बघते. आणि कोरफडीचं कोणीच कसं लिहिलं नाही?