एफएसएचे पैसे बुडू नयेत म्हणून: आपापली माहिती इथे टाका

फुलपात्र
एफएसए म्हणजे इथे अमेरिकेत कंपनीमार्फत पगारातून टॅक्सआधी ठरावीक खर्चांसाठी बाजूला काढलेले पैसे, मुदतीत न वापरलेले बुडतात. ओपन एनरोलमेंटची (पुढच्या वर्षाचे विमा आणि असे आकडे निवडायच्या मुदतीची) मेल येऊन पडली आणि दरवर्षीचं ३१ डिसेंबरच्या संध्याकाळचं दृश्य डोळ्यांपुढे आलं. फार्मसीच्या रांगेत सनस्क्रीनच्या आठ-आठ बाटल्या, थर्मामीटर, बँडेजचे गठ्ठे घेऊन उभी असलेली आपली मंडळी. हे सगळं फॉर्म भरताना चुकलेल्या अंदाजामुळे होतं, म्हणून धागा आत्ताच काढते आहे.

२०२६ चे कमाल आकडे: हेल्थ एफएसए ३,४०० डॉलर, डिपेंडंट केअर ७,५००. हे दुसरं १९८६ पासून ५,००० वरच अडकलेलं होतं, मध्ये फक्त २०२१ मध्ये एका वर्षापुरतं १०,५०० झालं होतं. खाती दोन, आणि एकातले पैसे दुसऱ्यात वळवता येत नाहीत. नावाला फसून मुलांचं औषधपाणी डिपेंडंट केअरमध्ये धरणारे दरवर्षी निघतात. मुलाच्या कानाच्या इन्फेक्शनचं बिल हेल्थमध्येच जातं. डिपेंडंट केअर म्हणजे डेकेअर, प्रीस्कूल, आफ्टरस्कूल, डे कॅम्प, तेही मूल १३ वर्षांचं होईपर्यंत.

ज्यांना खाचाखोचा ठाऊक आहेत त्यांनी लिहा.

तिसरी_घंटा
सनस्क्रीन ब्रॉड स्पेक्ट्रम आणि एसपीएफ १५ किंवा वर हवं. आठ बाटल्या घेणाऱ्यांनी एक्स्पायरीही बघावी, हाहा.

हिशोबनीस
७,५०० ही कायद्याची मर्यादा आहे. कंपनीने प्लॅनमध्ये बदल केला नसेल तर पोर्टलवर ५,०००च दिसणार, एचआरशी भांडून उपयोग नाही. आणि हा आकडा घरटी आहे. दोघांनी आपापल्या कंपनीत ७,५०० टाकले तर वरचे ७,५०० रिटर्न भरताना फॉर्म २४४१ वर पुन्हा पगारात येऊन बसतात. हेल्थचं उलट, ते माणशी. नवऱ्याचे ३,४००, बायकोचे ३,४००.

वाचतात किती? २२ टक्क्यांचं टॅक्स ब्रॅकेट अधिक सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५, म्हणजे ७,५०० वर साधारण २,२२४ डॉलर. स्टेटचं वेगळं.

पण १२ टक्केवाल्यांनो, दोन मुलं असतील तर जरा थांबा. चाइल्ड केअर क्रेडिट (मुलं सांभाळण्याच्या खर्चापोटी टॅक्समधून थेट मिळणारी वजावट) २०२६ पासून वाढलंय. दोघांचं मिळून एजीआय (रिटर्नवरचं समायोजित उत्पन्न) दीड लाखाच्या आत असेल तर दोन मुलांच्या ६,००० पर्यंतच्या खर्चावर किमान ३५ टक्के, म्हणजे २,१००. एफएसएने १९.६५ टक्क्यांनी (१२ अधिक ७.६५) १,४७४च सुटतात. दोन्हीकडून खाता येत नाही, कारण एफएसएतून घेतलेली रक्कम त्या ६,००० मधून वजा होते. ७,५०० घेतलेत की क्रेडिट शून्य. एकच मूल असेल तर क्रेडिट ३,००० वरच मिळतं, म्हणजे १,०५०. तिथे एफएसए पुढे. आणि हे क्रेडिट रिफंडेबल नाही, मुळात टॅक्स बसत असेल तेवढंच कापलं जातं.

पोह्यांवर_लिंबू
बाप रे, हिशोबनीस, दोनदा वाचावं लागलं. वाचनखूण साठवली. जोडीदार एच४ (डिपेंडंट व्हिसा) वर आहे, ईएडी (कामाचा परवाना) नाही, तर काय?

हिशोबनीस
मग डिपेंडंट केअरला हात लावू नका. दोघांपैकी ज्याची कमाई कमी, तेवढीच सूट. घरी असलेल्याची कमाई शून्य, तर सूटही शून्य. पेचेकमधून कापून घेतलेले पैसे शेवटी करपात्रच होतात.

सांजवेळ
अपवाद आहे. जोडीदार पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर शिक्षणाच्या प्रत्येक महिन्याला एका मुलासाठी २५०, दोन किंवा जास्त असतील तर ५०० डॉलर कमाई धरतात. वर्षातले किमान पाच महिने पूर्णवेळ शिक्षण लागतं. दहा महिने कॉलेज आणि दोन मुलं म्हणजे ५,०००. त्याहून जास्त रक्कम निवडू नका. नोकरी शोधत असलेला जोडीदार चालतो, पण वर्षभरात एक पैसाही कमावला नाही तर पुन्हा शून्यच.

गोडांबा
आजी सहा महिने येतात ना, त्यांना महिना पाचशे देऊन क्लेम केला तर? आमच्याकडे दर उन्हाळ्यात ही आयडिया कुणीतरी काढतंच.

सांजवेळ
नको गं. व्हिजिटर व्हिसावर काम करून पैसे घेणंच नियमात बसत नाही. शिवाय क्लेममध्ये सांभाळणाऱ्याचा टॅक्स नंबर लागतो. आजी ग्रीनकार्डवर असेल आणि रिटर्नमध्ये तुमची डिपेंडंट नसेल तर तिला पैसे देऊन क्लेम करता येतो. तिने मात्र ते उत्पन्न दाखवायचं.

तिसरी_घंटा
आजीला डॉलर नकोत, घरात मराठी बोललं की बास.

फुलपात्र
मराठीवरून आठवलं, रविवारची मराठी शाळा चालते का असं विचारणारं कुणीतरी दरवर्षी असतं. नाही चालत. सांभाळण्याचा खर्च आई-बाबा कामावर जाऊ शकावेत म्हणून झालेला हवा. भरतनाट्यम, पियानो, गणिताची शिकवणी, समर स्कूल यांतलं काहीच नाही. केजी आणि त्यापुढची फीही नाही, पण शाळेआधीची-नंतरची देखभाल चालते. समरला डे कॅम्प चालतो, मग तो रोबोटिक्सचा असो की सॉकरचा. रात्री राहायचा असेल तर त्यातला एक दिवसही नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची
सगळ्यात जास्त क्लेम कशाने परत येतात? तारखांनी. पैसे कधी भरले याला किंमत नाही, सेवा कधी मिळाली ते बघतात. जानेवारीची डेकेअर फी २८ डिसेंबरला भरली तरी ती नव्या वर्षाचीच. जुन्या वर्षाचे उरलेले पैसे त्यावर लावता येत नाहीत. ब्रेसेसला मात्र सवलत आहे, ऑर्थोडॉन्टिस्टला आगाऊ भरलेली रक्कम भरल्या तारखेला धरतात.

डेकेअरच्या पावतीवर हे दिसलं पाहिजे: मुलाचं नाव, 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत', रक्कम, डेकेअरचं नाव. ईआयएन (डेकेअरचा टॅक्स नंबर) फॉर्ममध्ये भरायला लागतो. नुसतं 'पेमेंट रिसीव्हड, थँक यू' असलेला कागद पाठवला की आठ दिवसांनी 'अपुरी कागदपत्रं' म्हणून मेल येते. 'प्रीव्हियस बॅलन्स' असलेलं बिलही नाही, कारण कुठल्या तारखांचं ते कळत नाही. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट तर नाहीच नाही. बऱ्याच प्लॅनमध्ये वर्षाच्या सुरुवातीला डेकेअरची सही घेऊन रिकरिंग क्लेम लावता येतो, मग दर महिन्याची कटकट संपते.

डॉक्टर-डेंटिस्टसाठी पावतीपेक्षा इन्शुरन्सचा ईओबी (त्यांनी किती दिलं, तुम्हाला किती भरायचं याचा तपशील) पाठवा. नाव, तारीख, उपचार, तुमच्या वाट्याची रक्कम, सगळं एका कागदावर असतं.

अडकित्ता
यांच्या पहिल्या परिच्छेदाला अनुमोदन. इंडिया ट्रिपचंही सांगा. चार आठवडे गेलं तरी सीट राखायला डेकेअर पूर्ण फी घेतं.

कोपऱ्यातली_खुर्ची
सलग दोन आठवड्यांपर्यंतची सुट्टी 'तात्पुरती गैरहजेरी' म्हणून चालते, फी साप्ताहिक किंवा त्याहून लांब मुदतीची असेल तर. चार आठवडे गेलात तर त्या दिवसांची फी दिवसांच्या हिशोबाने वगळायची. बाळंतपणाच्या रजेतही हेच: आई तीन महिने घरी आणि मोठा डेकेअरला, तर त्या महिन्यांची फी बसत नाही. म्हणून बाळ येणार असेल तर वर्षाचा आकडा आधीच कमी धरा. बाळाच्या जन्मानंतर बदल करायला साधारण ३० दिवस मिळतात, ते चुकवू नका. डेकेअर बदललं किंवा फी वाढली तरी डिपेंडंट केअरचा आकडा मधेच बदलता येतो. हेल्थचा त्या कारणाने नाही.

गोडांबा
डायपर, फॉर्म्युला?

फुलपात्र
दोन्ही नाही. ब्रेस्ट पंप आणि त्याचे सुटे भाग हो. सॅनिटरी पॅड, टॅम्पॉन, ताप-सर्दीच्या ओटीसी गोळ्या २०२० पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय हो. चष्मा, लेन्सचं सोल्यूशन हो. दात पांढरे करणं नाही, इलेक्ट्रिक टूथब्रश नाही, व्हिटॅमिन डॉक्टरच्या पत्राशिवाय नाही.

तिसरी_घंटा
च्यवनप्राश?

फुलपात्र
नाही!! आणि सुंठीचा काढाही नाही.

हिशोबनीस
हातात पैसे कधी येतात तेही लक्षात घ्या. हेल्थमध्ये १ जानेवारीला पूर्ण ३,४०० वापरायला मोकळे, पेचेकमधून वर्षभर १३०.७७ कापले जातात. डिपेंडंट केअरमध्ये साठलंय तेवढंच मिळतं. २६ पेचेकांत २८८.४६ प्रत्येकी. जानेवारीचा १,८०० चा क्लेम टाकलात तर आधी २८८ येतात, बाकी पुढच्या पेचेकांबरोबर ठिबकत राहतात. क्लेम 'पेंडिंग' दिसला म्हणून पुन्हा टाकू नका, डुप्लिकेट म्हणून दोन्ही अडकतात.

उरलेलं: हेल्थमधून २०२६ च्या शेवटी ६८० पर्यंत पुढे नेता येतात (२०२५ चे ६६०), किंवा १५ मार्चपर्यंत खर्च करायची मुदत. कंपनी दोन्हीपैकी एकच देते, काही दोन्ही देत नाहीत. डिपेंडंट केअरचं पुढे नेता येत नाही, मुदत असेल तर तेवढीच. जुन्या खर्चाचे कागद पाठवायची तारीख वेगळी, बहुतेक ठिकाणी ३१ मार्च. तिची नि १५ मार्चची गल्लत फार होते.

आणखी एक. पगार १,६०,००० च्या वर गेलेल्यांच्या डिपेंडंट केअरला कंपनीची नॉन-डिस्क्रिमिनेशन टेस्ट (फायदा जास्त पगारवाल्यांनाच होत नाही ना, हे बघणारी) आड येऊ शकते. वर्षाच्या मध्यात आकडा कमी झाल्याची मेल आली तर त्याचं कारण हे.

अडकित्ता
नोकरी गेली तर? सध्या हाच विषय आहे सगळीकडे.

सांजवेळ
हेल्थ: शेवटच्या दिवसाआधी (काही प्लॅनमध्ये महिनाअखेरीआधी) घेतलेल्या सेवांचेच पैसे मिळतात, कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून प्लॅन चालू ठेवणं) घेतला तर गोष्ट वेगळी. गंमत म्हणजे मार्चपर्यंत ७५० कापले गेले आणि तुम्ही ३,४०० वापरले असतील तर कंपनी फरक मागू शकत नाही. त्यामुळे चष्मा, दातांची कामं वर्षाच्या सुरुवातीलाच उरका. नव्या कंपनीत हेल्थची मर्यादा पुन्हा नव्याने सुरू होते, डिपेंडंट केअरची मात्र दोन्हीकडचं मिळून एकच.

आणि एचएसए (आरोग्य खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) असेल तर साधा हेल्थ एफएसए घेऊ नका, जोडीदाराच्या कंपनीतलासुद्धा. तो एफएसए तुमचेही खर्च देऊ शकतो, एवढ्यावरून तुमची एचएसएची पात्रता जाते. फक्त दात-डोळ्यांचा 'लिमिटेड पर्पज' चालतो.

पोह्यांवर_लिंबू
पुण्यात केलेली रूट कॅनाल चालते ना?

कोपऱ्यातली_खुर्ची
चालते. एफएसएचं डेबिट कार्ड नव्हे, क्लेम टाकायचा. लेटरहेडवर इंग्रजीत पेशंटचं नाव, तारीख, उपचार, रुपयांतली रक्कम, आणि त्या दिवशीच्या दराने डॉलर. विमानाचं तिकीट नाही. तिथून औषधांच्या स्ट्रिप्स आणून त्यांचा क्लेम करू नका, तिथे घेऊन तिथेच संपवलेल्या औषधांचाच होतो.

एक बारीक गोष्ट: आपले डेंटिस्ट दाताचा नंबर ३६ असा लिहितात. इथे मोठ्यांचे दात १ ते ३२ मोजतात, त्यामुळे ३६ नावाचा दातच नसतो आणि तपासणारा गोंधळतो. तोच दात इथे १९. 'खालची डावी पहिली दाढ' असं इंग्रजीत शब्दांत लिहून घ्या.

आई-वडिलांचा खर्च मात्र नाही. भारतात राहणारे पालक टॅक्ससाठी डिपेंडंट होत नाहीत.

तिसरी_घंटा
डॉक्टरच्या अक्षरात ३६ आणि ३८ सारखेच दिसतात त्याचं काय?

कोपऱ्यातली_खुर्ची
३८ म्हणजे अक्कलदाढ. तिच्यावर सहसा कॅप बसवत नाहीत, काढूनच टाकतात.

तिसरी_घंटा
म्हणूनच अक्कल येते कुठून, हाहा. बरं, भात लावलाय, आले.