मदत हवी आहे: तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात एकच दिवस, क्रम कसा लावू?
इस्तंबूलहून सकाळच्या बसने एदिर्ने, रात्री परत. बसला अडीच-तीन तास लागतात, म्हणजे हातात जेमतेम सहा-सात तास. सेलिमिये, एस्की आणि उच शेरेफेली या तिन्ही मशिदी पायी अंतरावर आहेत. शुक्रवारची दुपारची नमाज टाळली की झालं. अडचण पुढे आहे. तुंजा नदीपलीकडचं सुलतान दुसरा बायझिद याचं संकुल (१४८८) काही झालं तरी सोडायचं नाही. तिथल्या रुग्णालयात मनोरुग्णांवर संगीत आणि पाण्याच्या आवाजाने उपचार होत. तिथे आधी जावं की शेवटी? चालत की मिनीबसने?

आणि मुख्य प्रश्न: जीर्णोद्धारासाठी सेलिमियेत बांधलेली परांची उतरली का? ओटोमन वास्तुविशारद सिनानने आठ खांबांवर तोललेला ३१ मीटर व्यासाचा तो घुमट बरोबर मधोमध उभं राहून बघायचाय. दिसणार नसेल तर सहल पुढे ढकलते. नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.