रात्री उठताना जाणारा तोल

घरात वयस्कर माणसं पडू नयेत म्हणून फरशी निसरडी नको आणि भिंतीला धरायला दांडा हवा, असं सांगतात; ते मुद्दे पटलेच. पण माझे सासरे पडले ते कोरड्या फरशीवर, पलंगाशेजारीच. पहाटे लघवीला म्हणून झटकन उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी आधी आडवं झोपवून, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी बीपी मोजलं. उभ्याने वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर पडण्याचा धोका वाढतो. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी असं होतं, आणि नुसतं बसून मोजलं तर ते बरेचदा कळतच नाही! आता ते पाय खाली सोडून थोडं बसतात, मगच उठतात. घरात कुणी या गोळ्या घेत असेल तर उभ्याने बीपी मोजायला डॉक्टरांना जरूर सांगा. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका.